फवारणी, साप आणि ऊन : विदर्भातल्या पीएचसीवर रुजू होणाऱ्या सिस्टरसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालं, औषधांची नावं आणि डोस पाठ आहेत, आणि आता नेमणूक यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर आहे. इथे पहिल्या पावसाळ्यात पाठांतर पुरत नाही. एकाच औषधाचा एक ॲम्प्यूल एका पेशंटला पुरतो आणि दुसऱ्याला तासाभरात पंचवीस लागतात. हे का, ते कळायला शरीरात नेमकी कोणती जागा बिघडली हे आधी माहीत हवं. डोस डॉक्टरांच्या आदेशानेच द्यायचा, पण पेशंटच्या उशाशी तुम्ही असता. औषध लागू पडलं की नाही हे आधी तुम्हालाच दिसतं.

आपल्या भागातल्या दोन मोठ्या तातडीच्या केसेस, फवारणीची विषबाधा आणि नाग-मण्यारचा दंश, एकाच रसायनाभोवती फिरतात. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. म्हणून सुरुवात तिथून करू.

ॲसिटिलकोलीन कुठे काम करतं

मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलीन बाहेर पडतं, समोरच्या पेशीवर बसतं आणि पेशी कामाला लागते. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम त्याचे लगेच तुकडे करतं. पाटाचं पाणी वाफ्यात सोडलं की वेळेवर दारं मोडणारा माणूस लागतो, नाहीतर वाफा फुटतो. कोलिनेस्टरेज हा तो दारं मोडणारा.

हे रसायन दोन प्रकारच्या ठिकाणी काम करतं, आणि हा फरक नीट डोक्यात बसवा. पहिल्या प्रकारात लाळेच्या, अश्रूंच्या, घामाच्या ग्रंथी, श्वासनलिका, आतडं, मूत्राशय, बुबुळ आणि हृदय. दुसऱ्या प्रकारात हातापायांचे, मानेचे आणि श्वासाचे स्नायू. फवारणीच्या विषबाधेवरचं मुख्य औषध ॲट्रॉपिन हे ॲसिटिलकोलीनला फक्त पहिल्या ठिकाणी अडवतं. स्नायूंवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. फवारणीच्या पेशंटमध्ये होणाऱ्या बऱ्याचशा गोंधळाचं मूळ या एका गोष्टीत आहे.

फवारणीची विषबाधा

ऑगस्ट ते ऑक्टोबर, पऱ्हाटी (कपाशी) कमरेच्या वर गेलेली, उकाडा, आणि फवारा अंगावर उडतो. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी-शेतमजूर दवाखान्यात दाखल झाले आणि वीसहून अधिक दगावले, तेव्हापासून हा विषय राज्यभर माहीत झाला. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली औषधं. ती कोलिनेस्टरेजला चिकटून त्याला निकामी करतात. ॲसिटिलकोलीन साचत जातं आणि सगळीकडे एकदम पूर येतो: तोंडातून लाळ-फेस, डोळ्यांतून पाणी, घाम, ओकारी, संडास-लघवीवर ताबा नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर. स्नायूंमध्ये आधी बारीक थरथर आणि मग लुळेपणा. यातली मारणारी गोष्ट म्हणजे छातीत भरलेला स्राव आणि थकलेले श्वासाचे स्नायू.

पेशंट आला की डबा किंवा बाटली मागा. नातेवाईक "फवारा मारला" एवढंच सांगतात. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा) जहालपणा सांगतो, पण उतारा कोणता ते सांगत नाही. त्यासाठी घटकाचं नाव वाचा. तणनाशक असेल आणि त्यात पॅराक्वाट असेल तर हा सगळा विभाग बाजूला ठेवा: तिथे ॲट्रॉपिनचा उपयोग नाही आणि गरज नसताना दिलेला ऑक्सिजन फुप्फुसाचं नुकसान वाढवतो.

पहिल्या दहा मिनिटांत कामं वाटून घ्या. एकानं डाव्या कुशीवर वळवून सक्शन करायचं आणि ऑक्सिजन लावायचा. एकानं शीर धरायची, जमलं तर दोन. एकानं कपडे काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे आणि साबण-पाण्यानं अंग धुवायचं. केस, कानामागे, नखांखाली, बेंबी, जांघ. विष कातडीतून आत जातच असतं, त्यामुळे आत औषध आणि बाहेर तेच शर्ट, असं चालत नाही. हातमोजे दुहेरी घाला, खिडक्या उघडा. ओकारी करवू नका, मीठ-पाणी पाजू नका. नळी टाकून पोट धुण्याचा फायदा फार तर पहिल्या तासात, तोही श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच. बेशुद्ध पेशंटचं पोट घाईनं धुतलं की तेच पाणी फुप्फुसात जातं.

आता ॲट्रॉपिन. आपल्याकडे मिळणाऱ्या नेहमीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलीत ०.६ मि.ग्रॅ. असतं. मोठ्या माणसाला पहिला डोस १.८ ते ३ मि.ग्रॅ. शिरेतून, म्हणजे ३ ते ५ ॲम्प्यूल एकदम. पाच मिनिटांनी तपासा. फरक नसेल तर दुप्पट. तीनाने सुरुवात केली तर ३, मग ६, मग १२: पहिल्या दहा मिनिटांतच २१ ॲम्प्यूल, म्हणजे १२.६ मि.ग्रॅ. फोडणाऱ्याचे हात दुखतात, म्हणून एक माणूस फक्त ॲम्प्यूल फोडायला बसवा. लेकरांना किलोमागे ०.०५ मि.ग्रॅ.ने सुरुवात, आणि तीच दुपटीची पद्धत. ऑक्सिजनचा सिलिंडर दुसऱ्या खोलीतून येतोय म्हणून ॲट्रॉपिन थांबवून ठेवू नका.

कुठे थांबायचं? या पाच गोष्टी दर पाच मिनिटांनी बघायच्या:

१. छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ, घरघर नाही.
२. नाडी ८० च्या वर.
३. वरचं बीपी ८० च्या वर.
४. काख कोरडी.
५. बाहुल्या टाचणीएवढ्या राहिलेल्या नाहीत.

यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची, आणि शेवटची सगळ्यात फसवी. बाहुल्या उशिरा सुटतात. फक्त त्यांच्यामागे लागलात तर ॲट्रॉपिन जास्त होतं. नाडीही फसवते. या विषात नाडी मंद होते असं पुस्तकात असतं, पण काही पेशंट १२० नाडी घेऊनच येतात. छाती भरलेली असेल तर नाडी जास्त आहे म्हणून ॲट्रॉपिन अडवायचं नाही. उलट एकाच बाजूला, खाली, घरघर राहिली असेल तर ती बहुधा ओकारी श्वासात गेल्याची. ती ॲट्रॉपिननं जाणार नाही.

छाती सुकली की ड्रिप. आतापर्यंत जेवढं ॲट्रॉपिन लागलं त्याच्या १० ते २० टक्के दर तासाला. वरच्या उदाहरणात १२.६ चे दहा टक्के म्हणजे साधारण १.२ मि.ग्रॅ. १०० मिलीच्या सलाइनमधून २० मिली काढून टाका, त्यात २० ॲम्प्यूल भरा. आता १०० मिलीत १२ मि.ग्रॅ. झालं, दर मिलीला ०.१२. तासाला १० मिली दिलं की १.२ मि.ग्रॅ. जातं. मायक्रो ड्रिप सेटमध्ये तासाला जितके मिली, मिनिटाला तितकेच थेंब, म्हणून १० थेंब. वीस टक्के हवं असेल तर २० थेंब. बाटलीवर चिकटपट्टी लावून मिसळलेलं औषध, वेळ आणि थेंब लिहा. ड्यूटी बदलताना ही चिकटपट्टी नसेल तर पुढची सिस्टर साधं सलाइन समजून ड्रिप पूर्ण उघडते, आणि तसं झालेलं आहे.

ॲट्रॉपिन जास्त झाल्याची खूण: पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी पकडतो, अंग तापतं, पोट फुगतं आणि स्टेथोस्कोपला आतड्याचा आवाज नाही, लघवी अडते. तिन्ही एकत्र (गोंधळ, ताप, आतडं शांत) दिसले की ड्रिप बंद, डॉक्टरांना कळवा. खुणा उतरल्या की आधीच्या सुमारे ७० ते ८० टक्के वेगानं पुन्हा. या बडबडीला घाबरून हातपाय बांधले जातात. तसं केलं की अंग आणखी तापतं.

पाम म्हणजे प्रालिडॉक्झिम. ते कोलिनेस्टरेजला चिकटलेलं विष सोडवायचा प्रयत्न करतं, म्हणजे ॲट्रॉपिन जिथे पोचत नाही त्या स्नायूंसाठी. उशीर झाला की विष कायमचं घट्ट बसतं, मग सोडवता येत नाही. कितपत फायदा होतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, म्हणून द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. द्यायचं ठरलं तर किलोमागे ३० मि.ग्रॅ. (५० किलोला दीड ग्रॅम) सलाइनमध्ये मिसळून अर्ध्या तासात, आणि ॲट्रॉपिन आधी सुरू झालेलं असायला हवं. सिरिंजनं झपकन ढकललं तर ओकारी, नाडी वाढणं, घसा आवळणं, अगदी हृदय थांबणंही होऊ शकतं. झटके आले तर डायझेपाम १० मि.ग्रॅ. शिरेतून सावकाश.

दुसऱ्या दिवशी पेशंट उठून बसतो, चहा मागतो, आणि नातेवाईक सुट्टी मागतात. इथेच सावध राहा. विषबाधेनंतर साधारण २४ ते ९६ तासांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. तपासणी सोपी आहे: दर दोन तासांनी "दादा, उशीवरून मान उचला" म्हणा. काल उचलत होता आणि आज उचलत नाही, तर व्हेंटिलेटरच्या ठिकाणी लगेच पाठवा. यावेळी लाळ-घाम नसतो, त्यामुळे ॲट्रॉपिन वाढवून काही होणार नाही; बिघाड दुसऱ्या ठिकाणी आहे.

नाग आणि मण्यार: तीच जागा, उलटा बिघाड

मज्जातंतू आणि स्नायू यांच्यामधल्या त्याच जागेत नागाचं विष समोरच्या पेशीवरची बसायची जागा अडवून ठेवतं. ॲसिटिलकोलीन येतं, पण बसायला जागा नाही. मण्यारचं विष मज्जातंतूचं टोकच खराब करतं, म्हणून ॲसिटिलकोलीन बाहेरच पडत नाही. दोन्हींत पापण्या पडतात, बोलणं जड होतं, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो.

नियोस्टिग्मिन कोलिनेस्टरेजला तात्पुरतं अडवतं. म्हणजे फवारणीचं विष जे बेसुमार करतं, तेच हे औषध मोजून करतं: ॲसिटिलकोलीन वाढवून नागाच्या विषाला बाजूला सारायला बघतं. म्हणूनच त्याच्यासोबत ॲट्रॉपिन द्यावं लागतं, नाहीतर पेशंटला लाळ, पोटात कळ आणि मंद नाडी. ॲट्रॉपिन ०.६ मि.ग्रॅ. शिरेतून, मग नियोस्टिग्मिन १.५ ते २ मि.ग्रॅ. स्नायूत. अर्ध्या तासात पापण्या उघडल्या तर पुढचे डोस चालू. मण्यारला यानं बहुधा काहीच होत नाही, कारण वाढवायला ॲसिटिलकोलीनच नाही; तिथे वेळेत दिलेलं एएसव्ही (सापाच्या विषावरचा उतारा) आणि गरज पडली तर व्हेंटिलेटर. डोळे उघडले नाहीत म्हणून नियोस्टिग्मिन वाढवत बसू नका, १०८ बोलवा.

मण्यारच्या केसेस ओळखायला अवघड. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी किंवा घशात अडकल्यासारखं, अंगावर खूण दिसत नाही, सूज नाही. पावसाळ्यात पहाटे पोट दुखतं म्हणून आलेल्या माणसाला ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवायच्या आधी वर बघायला लावा. पापण्या वर जात नसतील तर साप.

घोणस आणि फुरसं यांचं विष वेगळं. ते रक्त गोठवणाऱ्या घटकांची साखळी एकदम चालू करतं, घटक संपून जातात आणि मग रक्त गोठत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, इंजेक्शनच्या जागेतून रक्त येतं. घोणशीनं मूत्रपिंडही जातं, म्हणून लघवी मोजा. या पेशंटला स्नायूत इंजेक्शन टाळा. धनुर्वाताचंही रक्त गोठायला लागल्यावर द्या.

वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी तुमच्याच हातात आहे. कोरडी, नवी, काचेची टेस्ट ट्यूब घ्या. २ मिली शिरेतलं रक्त टाका. सरळ उभी ठेवा, हात लावू नका, घड्याळ लावा. बरोबर २० मिनिटांनी एकदा तिरकी करा. रक्त वाहिलं तर गोठत नाही. प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये किंवा साबणानं धुतलेल्या काचेत चांगलं रक्तही गोठत नाही, आणि मग गरज नसलेल्याला एएसव्ही जातं. मधेच हलवून बघायचा मोह आवरा. सुरुवातीला गोठलं तरी पहिले काही तास ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते.

एएसव्ही प्रत्येक दंशाला नाही. रक्त गोठत नसेल, पापण्या-मान-श्वास बिघडला असेल किंवा सूज झपाट्यानं वर चढत असेल तरच. सुरुवात १० व्हायल. प्रत्येक व्हायलमध्ये १० मिली सोबतचं पाणी घालून हलक्या हातानं फिरवा. जोरात हलवली तर फेस येतो आणि औषध वाया जातं. ही १०० मिली सलाइनमध्ये मिसळून एका तासात. लहान लेकरालाही तेवढ्याच व्हायल, कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं. फक्त सलाइनचं पाणी वजनाप्रमाणे कमी घ्यायचं. आधी कातडीवर टेस्ट डोस करायचा नाही, त्यानं पुढची रिॲक्शन कळत नाही.

ड्रिप सुरू करायच्या आधी ॲड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवा. १ मिलीच्या ॲम्प्यूलमध्ये १ मि.ग्रॅ. असतं, मोठ्याला त्यातलं अर्धं, ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. खाज, गांध्या, ओकारी, दम, बीपी पडणं यातलं काहीही दिसलं की आधी ड्रिप बंद, मग ॲड्रिनलिन, मग डॉक्टर सांगतील ती ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्टिझोन. इथे रक्त गोठत नसलं तरी स्नायूतलं ॲड्रिनलिन द्यायचंच. खुणा उतरल्या की ड्रिप सावकाश पुन्हा चालू करा. रिॲक्शन आली म्हणून एएसव्ही सोडून देणं ही मोठी चूक, कारण विष तर आतच आहे. रक्ताच्या केसमध्ये पुढची चाचणी ६ तासांनी. यकृताला गोठवणारे घटक नव्यानं बनवायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी पुन्हा एएसव्ही दिलं तर ते फुकट.

पेशंट कडक आवळलेली दोरी घेऊन आला तर ती दारातच कापू नका. आधी शीर धरा, एएसव्ही-ॲड्रिनलिन हाताशी ठेवा, मग सैल करा.

ऊन

एप्रिल-मेमध्ये, चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा, बेशुद्ध किंवा बरळणारा, तापलेला माणूस येतो. सर्वांत आधी कुणीतरी पॅरासिटामॉलचं इंजेक्शन काढतं. इथे ते कामाचं नाही. संसर्गाच्या तापात मेंदूच तापमान वर ठरवतो आणि पॅरासिटामॉल ते खाली आणतं. उष्माघातात मेंदूनं काही ठरवलेलं नसतं. अंगातली उष्णता बाहेर टाकायची यंत्रणाच कोलमडलेली असते. यकृत आधीच भाजून निघालेलं असतं, त्याला आणखी ओझं कशाला?

गुदद्वारातलं तापमान ४० अंश सेल्सिअस (१०४ फॅरनहाइट) किंवा जास्त आणि शुद्धीत फरक, हे दोन असले की थंड करायला घ्या. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो. कपडे काढा, अंगावर पाणी शिंपडत राहा आणि जोरात पंखा. उष्णता पाणी वाळताना जाते, म्हणून ओली चादर गुंडाळून ठेवली की काम अडतं. मान, काखा, जांघेत बर्फाच्या पिशव्या. साधारण ३९ अंशावर आलं की थांबा, नाहीतर खूप खाली घसरतं. कुडकुडी भरली तर डॉक्टरांना सांगा, कुडकुडण्यानं उष्णता वाढते.

घाम ग्रंथींनाही ॲसिटिलकोलीनच लागतं. म्हणून त्याला अडवणारं ट्रायहेक्सिफेनिडिल घेणारे मानसिक आजाराचे पेशंट उन्हाळ्यात लवकर कोसळतात. घरी आशाताईंकरवी पाणी आणि सावलीचा निरोप द्या. आणि म्हणूनच ॲट्रॉपिनवर असलेला फवारणीचा पेशंट पत्र्याच्या गरम वॉर्डात ठेवू नका. त्याचा घाम तुम्हीच बंद केलेला आहे.

सिकलसेलचं थोडक्यात

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, सगळीकडे हे पेशंट भेटतील. हिमोग्लोबिनमध्ये एका अमिनो आम्लाचा फरक, आणि ऑक्सिजन सोडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिन्या अडवते. इथे उतारा असं काही नाही. थंडी, तहान, संसर्ग, अतिश्रम ही कारणं काढायची. ऊब द्या, पाणी द्या, वेदनेला पुरेसं औषध द्या (पॅरासिटामॉल, मग डायक्लोफिनॅक मूत्रपिंड बघून, मग ट्रॅमाडॉल किंवा मॉर्फिन). दुखणाऱ्या जागी बर्फ नको. हा मुलगा दर महिन्याला इंजेक्शन मागायला येतो, असं कुजबुजत डोस अर्धा करणं बंद करा. छातीत दुखणं, ताप आणि ऑक्सिजन घसरणं एकत्र आलं, किंवा लेकरू अचानक पांढरं पडून डाव्या बरगडीखाली गोळा वाढला, तर थांबू नका, पाठवा. हायड्रॉक्सीयुरिया रोजचं औषध आहे, आजच्या दुखण्यावर चालत नाही. त्याला नियमित रक्ततपासणी हवी आणि गरोदरपण टाळायला हवं. फॉलिक ॲसिड ५ मि.ग्रॅ. रोज. लोहाची गोळी मात्र आपणहून नको.

पाठवताना चिठ्ठीवर

यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, सेवाग्राम किंवा नागपूर मेडिकलला पेशंट पोचतो तेव्हा तिथल्या डॉक्टरांना फक्त तुमची चिठ्ठी दिसते. त्यावर लिहा: विषाच्या घटकाचं नाव किंवा दंशाची वेळ, ॲट्रॉपिन एकूण किती मि.ग्रॅ. (ॲम्प्यूलची संख्या नव्हे) आणि ड्रिपचा वेग. एएसव्हीच्या व्हायल किती, किती वाजता सुरू, किती वाजता संपल्या, रिॲक्शन आली का. रक्ताच्या चाचणीची वेळ आणि निकाल. मान उचलत होता का. शेवटची लघवी कधी, किती. गाडीत सक्शन चालू आहे का ते गाडी सुटायच्या आधी बटण दाबून बघा, आणि फवारणीचा पेशंट असेल तर भरलेल्या ॲट्रॉपिनच्या दोन सिरिंज, नावाची चिकटपट्टी लावून, सोबतच्या कर्मचाऱ्याच्या हातात द्या.